देवाला लिहिलेली चिठ्ठी

आमच्या पेडण्याकडच्या गावातल्या चर्चची लादी माझी शेजारीण रोज गुडघ्यांवर बसून पुसायची. पुतळ्यांवरची धूळ झटकताना सायबिणीशी म्हणजे मारियामातेशी, संतांशी बोलायची, कधी त्यांना रागवायचीही. मी शाळेत शिकवणारी बाई. माझ्याशी मात्र ती मोजकंच बोलायची.

वर्ष संपताना पाद्रींनी सांगितलं, प्रत्येकाने या वर्षाबद्दलचं मनातलं देवाला लिहून द्यावं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून कोरा कागद घेऊन ती माझ्याकडे आली.

"लिही गो बाय," ती म्हणाली. "देवा, वरसभर मिया तुझा घर पुसलंय. माझो घोव गेलो तेव्हा सगळे चर्चच्या फेस्ताच्या तयारीत होते. चर्चातलो एकय माणूस खांदो देवक इलो नाय. शेजारच्या हिंदूंनी उचललो तेका."

माझा हात थांबला. गावात तिचीच नाचक्की होईल, असं मी स्वतःला समजावलं आणि लिहिलं, 'माझ्या दुःखात चर्चमधल्या सर्वांनी आधार दिला. देवाचे आभार.' तिने कागद कपाळाला लावला आणि नेला.

वर्षअखेरच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, ती मलाही घेऊन गेली. पाद्रींनी काही चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, त्यात तिचीही वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्याच्या मातीला न आलेल्यांनीही वाजवल्या.

बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली.

"ते इले नाय, ता मी सोसलंय," ती म्हणाली. "तू मात्र माझ्या तोंडान देवाकडे खोटा बोललंस."