करंडा दाराशी

गुडघा बदललेल्या माणसाचा खरा शत्रू दुखणं नव्हे, भेटायला येणारी माणसं. फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या हाताखाली मदतनीस म्हणून मी रहिमतपूरच्या आसपासच्या घरांत स्कूटीवरून फिरते, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

अशाच एका आजींकडे तर पाहुण्यांची रीघच. शहाळी, बिस्किटांचे पुडे आणि फुकटचे सल्ले. "लय हिंडू नगा, टाकं उसवतील." "उशी घ्या की गुडघ्याखाली." मी उशी काढून पाय सरळ करायला लावायचे, दुसऱ्या दिवशी उशी परत जागेवर, सोबतीला आणखी एक. सून गुणाची, म्हणून तर जास्त पंचाईत. पाणी हातात, ताट पुढ्यात. आजींना पलंगावरून उतरायचं कारणच उरलं नव्हतं. वॉकरवर टॉवेल वाळत होता.

एकदा मॅडम स्वतः गुडघा बघायला आल्या. पाय असाच आखडत गेला तर पुन्हा दवाखान्यात नेऊन, गुंगी देऊन वाकवावा लागेल, म्हणाल्या. आजींनी तोंडाला पदर लावला. "मी न्हाई आता परत तिथं जायची." मला दया आली आणि रागही आला.

"मग चला की, आजी!"

"उद्यापास्नं," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात भेटायला आलेली शेजारीण उठली. "थांब गं, कुंकू लावू दे," आजी तिला म्हणाल्या. सुनेनं करंडा पलंगावर नेऊन दिला. या घरातून सवाष्ण कुंकवावाचून कधी गेली नव्हती, आणि लावायचा मान आजींचा. तो त्यांनी सुनेलाही दिला नव्हता. माझी ट्यूब पेटली. निघताना करंडा मी बाहेरच्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि सुनेला बजावलं, "आणून दिलात तर बघा हं."

दुसऱ्या दिवशी एक पाहुणी निघाली. "करंडा आण गं!" आजींनी हाक दिली. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. आजींनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. पाहुणी दारात ताटकळलेली.

"हिला आजच बहिरं व्हायचं हुतं!" म्हणत आजींनी टॉवेल भिरकावला आणि वॉकर धरून उठल्या.

त्यानंतर ज्यांच्या नावानं बोटं मोडत होते, त्याच बायकांना मी रस्त्यात अडवून विचारू लागले, "आजींना भेटून आलात का?" आजी कण्हायच्या, मला शिव्या घालायच्या, पण दारापर्यंत जायच्या. उशा माळ्यावर गेल्या.

माझं काम संपलं त्या दिवशी आजी परसात होत्या. निरोप घेताना मला रडू येतं, म्हणून मी गुपचूप सटकले. हेल्मेट चढवून स्कूटी चालू केली, तोच मागून आवाज आला.

"अगं ए! मोकळ्या कपाळानं निघालीस व्हय?"

वळून बघते तर आजी अंगणात. एका हातात करंडा, दुसऱ्या हाताचं बोट कुंकवात बुडवलेलं. वॉकर धरायला हात मोकळा होताच कुठे? त्यांच्या ते गावीही नव्हतं. माझे डोळे भरून आले, पण खोड काही जाईना. मी स्कूटी बंद केली आणि पायानं रेटत हळूच फाटकापर्यंत नेली.

"थांब की भवाने! आणि किती पळवतीस म्हातारीला?" म्हणत आजी फाटकापर्यंत आल्या.

मी हेल्मेट काढलं आणि कपाळ पुढं केलं.