यादव भोये आणि चौथी बॅटरी

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या अलीकडे यादव भोये यांचे बॅटरी दुरुस्तीचे दुकान होते. ते मूळचे पेठ तालुक्यातील, भात आणि नागली पिकवणाऱ्या घरातले. सन १९९१ मध्ये द्राक्षछाटणीच्या कामासाठी नाशकात आले, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून देणाऱ्या एका दुकानात राहिले आणि पुढे ते दुकान त्यांनीच चालवावयास घेतले. मी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवीत असे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे माझे जाणे वाढले. यादवांना स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाही. चहासुद्धा ते उभ्याने पीत, आणि बोलताना हातातील पकडीची उघडझाप चालूच असे.

सन १९९९ मध्ये त्यांनी एका जुन्या रिक्षाचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर बसवली आणि मागील आसनाखालच्या पत्र्याच्या पेटीत ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या ठेवल्या. गल्लीत त्या गाडीला ‘खेळणे’ म्हणत. यादव हसून सोडून देत. मात्र हा शब्द कानी पडला की पकडीची उघडझाप वाढे.

सन २००२ मध्ये संधी आली. पुढील वर्षीच्या सिंहस्थात वृद्ध यात्रेकरूंना रामकुंडापासून वर मालेगाव स्टँडपर्यंत आणण्यासाठी धूर न सोडणारे वाहन एका मंडळाला हवे होते. मंडळाचे प्रमुख रावजी यांनी अट घातली: दसऱ्याच्या सकाळी चार माणसे घेऊन गाडीने तो चढ चढून दाखवावा. चढली तर तशाच गाड्या. न चढली तर नेहमीच्या डिझेलच्या रिक्षा. यादवांच्या तीन वर्षांच्या कष्टांचे काय होणार, हे त्या एका सकाळवर ठरणार होते.

या काळात दुकानात रोज वाद झडे. गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मोहिनी गांगुर्डे आपल्या स्कूटरची बॅटरी यादवांकडे आणत. भविष्यातील वाहने हायड्रोजनवर चालतील, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

“यादवभाऊ, तुमची गाडी आधी स्वतःच्या बॅटऱ्याच वाहते. हमालानं स्वतःलाच पाठीवर घेतल्यासारखं! हायड्रोजन बघा, किती हलका. आणि वापरल्यावर उरतं काय? पाणी.”

“हलका हाय ना मॅडम, मग धरून कशात ठेवणार?”

“टाकीत. दाब देऊन.”

“तो दाब द्यायला वीज लागंल. गॅस तयार करायला पण वीज. माझी वीज सरळ चाकात जाते, तुमची गावभर फिरून येते.”

“आणि तुमची भरायला आठ तास लागतात, ते नाही सांगत!”

मग दोघेही निकालासाठी माझ्याकडे पाहत. पुरेशी आकडेवारी उपलब्ध नसल्यामुळे मी तो राखून ठेवीत असे.

एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत होते. बॅटरी भरत आली की तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन बाहेर पडतो, आणि पेट घ्यायला त्याला ठिणगीही पुरते. म्हणून दुकानात विडी ओढण्यास सक्त मनाई होती. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, यादव आधी चार्जिंग बंद करीत, दार उघडे ठेवीत, तासभर थांबत आणि मगच कापूर लावीत.

त्या वर्षी खंडेनवमी १४ ऑक्टोबरला आली. आदल्या दिवसापासून वीज जात-येत होती. चार बॅटऱ्या पुरत्या भरल्या नव्हत्या. दुपारी पूजेची वेळ झाली तेव्हा यादवांच्या पत्नी चिमणाबाई म्हणाल्या, “आधी बटण बंद करा की.”

“तासभर वाया जाईल. लाईट किती येळ टिकंल, कुणास ठाऊक. तू ताट दे.”

आसन उचलून, पेटीचे झाकण उघडून त्यांनी कापूर पेटवला आणि ताट आत ओवाळण्यासाठी वाकले. चौथ्या बॅटरीचे वरचे कवच आवाजासरशी उडाले. तेजाब दोन्ही हातांवर आले. डोळे थोडक्यात वाचले. चिमणाबाईंनी पाण्याची घागर त्यांच्यावर रिकामी केली, मग सांडलेल्या तेजाबाचा जोर मारण्यासाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी जमिनीवर ओतले.

मी पोहोचलो तेव्हा हातांना पट्ट्या बांधलेले यादव दुकानात येरझाऱ्या घालीत होते. तशी नवी बॅटरी सणाच्या दिवशी मिळणे शक्य नव्हते. शेजारचा केरू एक जुनी बॅटरी घेऊन आला.

“पुसून लाव यादवदादा. कोणाला कळतंय?”

“चढाला कळंल. एक जुनी बाकीच्या तिघींना खाली ओढते. माणसं बसलेली असताना गाडी मागं सरकली तर?”

दसऱ्याला ते तीन बॅटऱ्यांवर रामकुंडापाशी गेले आणि कोणी विचारण्याआधीच रावजींना म्हणाले, “चालू चार्जिंगवर कापूर लावला. चूक माझी, गाडीची नाय.”

चार माणसे बसली. निम्म्या चढावर मोटर गुरगुरली आणि गाडी थांबली. दोघे उतरले, तेव्हा ती सावकाश वर पोहोचली.

“आठ दिवस द्या, साहेब. चौथी बसवून आणतो.”

“दिवस आजचा ठरला होता, भोये,” रावजी म्हणाले. “आणि आसनाखाली काहीतरी उडालं, हे यात्रेकरूंना कळलं तर कोण बसेल?”

आमच्याबरोबर आलेल्या मोहिनीबाईंनी मध्ये पडून सांगितले, की पेटीला वरून छिद्रे पाडली तर वायू साचणार नाही. दोष दूर होण्यासारखा आहे. रावजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि नकार कायम ठेवला.

परतताना बाई हळूच म्हणाल्या, “हायड्रोजनमध्ये जोर आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत.”

“म्हणून तर म्हणतो, तो माणसांच्या बुडाखाली नको!” यादव हसले, पण त्यांची नजर चढावरच होती.

पुढील वर्षी ऑगस्टमध्ये सिंहस्थाची गर्दी लोटली. चौथी बॅटरी केव्हाच बसली होती, पेटीला छिद्रेही पाडली होती. पण गाडीला परवानगी नव्हती. एका सकाळी आम्ही तिघे चढाच्या कडेला उभे होतो. मोहिनीबाई टाकीच्या दाबाविषयी बोलत होत्या आणि यादव मधेच तोडून विजेचे सांगत होते. इतक्यात यात्रेकरूंनी भरलेल्या डिझेलच्या चार रिक्षा घरघरत वर आल्या. काळा धूर आमच्या अंगावरून गेला. मोहिनीबाईंनी नाक झाकले. यादवांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसले.

“बोला मॅडम,” ते म्हणाले, “दाब किती म्हणालात?”