पुडीवरची बाई

किराणा दुकानात मसाल्याच्या पुडीवरची नथवाली बाई दाखवत एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, ही माझी पणजी!" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ते चित्र मीच काढलेलं, पण ती तिची पणजी नव्हे. तिची खरी पणजी, मसाला कुटणाऱ्या सखूबाई, सावळ्या होत्या, तोंडावर देवीचे व्रण. "असा चेहरा खपत नाही," असं त्यांच्या मुलाला सांगून मी गोरीगोमटी बाई काढली. पुडी पाहून सखूबाई हसल्या, "अगंबाई, ही कुठली पाहुणी?"

मालाची ओळख म्हणून काढलेलं चित्र घराची आठवण होऊन बसतं, हे तेव्हा सुचलं नाही. त्यांचा एकही फोटो नाही, असं मुलीची आई म्हणाली. खऱ्या सखूबाई काढून द्याव्यात म्हणून रोज कागद घेतो. हात त्या गोऱ्या बाईकडेच वळतो.