साहेबांच्या डोक्याची बॅटरी

माझी भाची रागावली आहे की नाही, हे कळायला तिचं तोंड बघावं लागत नाही. बंद दाराआडून तिच्या कीबोर्डचा आवाज ऐकावा. सगळं सुरळीत असेल तर टपटप, बिनसलं असेल तर पत्र्यावर गारा. आमचे जावईबापू त्या आवाजावरूनच ठरवतात, चहा घेऊन आत जायचं की कप दाराशी ठेवून पळायचं. गारा फारच वाढल्या तर ते भाजी आणायला जातात. घरात भाजी असली तरी.

लहानपणी मी तिला तडतडी म्हणायचो. आता ती मोठी सॉफ्टवेअर डेव्हलपर झाली, हुद्दा एका दमात म्हणता येत नाही, तरी मी तडतडीच म्हणतो. मामाला कोण काय बोलणार!

यंत्रांशी तिचं सवतीसारखं नातं. लॅपटॉपनं ऐन कामात ‘अपडेट करतोय, थांबा’ म्हटलं की ती म्हणते, “कर बाबा, जन्मभर स्वतःलाच कर.” मनगटावरच्या घड्याळानं एकदा ‘आता शांतपणे श्वास घ्या’ असा सल्ला दिला, तेव्हापासून ते मोज्यांच्या खणात शांतपणे श्वास घेतंय. ऑफिसच्या प्रिंटरला तर तिनं एक नाव ठेवलंय. ते इथं लिहिण्याजोगं नाही, पण प्रिंटरला शोभतं, असं तिथले सगळे म्हणतात.

हा झाला रोजचा राग, जेवलं-खाल्लं की उतरणारा. न उतरणारा राग एकच होता, औषधाच्या डबीचा.

तिची कंपनी अशी एक डबी करते. गोळीची वेळ झाली की डबी वाजते, आपणहून बरोबर तेवढाच कप्पा उघडते आणि घेतल्याची नोंद फोनवर पाठवते. त्या डबीचं डोकं चालवणारा प्रोग्रॅम तडतडीच्या हातचा. पहिल्या खेपेचीच एक डबी तिनं आपल्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, आणून दिली. ताईला रक्तदाबाची गोळी असते. ताई इतकी खूश, की शेजारणींना बोलावून डबी वाजवून दाखवायची.

मग एका सकाळी गोळी घेतल्यावर ताईनं डबीची बॅटरी बदलली. डबी पुन्हा वाजली, पुन्हा कप्पा उघडला. लेकीची डबी चुकेल कशाला, म्हणून ताईनं गोळी पुन्हा घेतली. थोड्या वेळानं ती बेसिनला धरून खाली बसली. तडतडी तेव्हा तिथंच होती म्हणून निभावलं.

बॅटरी काढली की डबी सगळं विसरते, हे त्या दिवशी कळलं. तडतडीनं त्याच आठवड्यात दुरुस्ती लिहून काढली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, “बघूया.”

या साहेबांचं नावच ऑफिसात बघूयासाहेब. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही ते ‘बघूया’च म्हणाले असणार, असं माझं मत आहे. दुरुस्ती करायची तर सगळ्या डब्या पुन्हा तपासायच्या, म्हणजे नव्या रंगाच्या डब्या बाजारात उशिरा जाणार. तडतडीनं पुन्हा विचारलं, पुन्हा बघूया. नंतर साहेब तिला बघितलं की दुसऱ्या जिन्यानं जायला लागले.

आता प्रोग्रॅममध्ये म्हणे अशी सोय असते, की ओळीच्या आधी एक खूण केली की पुढचं यंत्र वाचतच नाही. ते माणसानं माणसासाठी लिहून ठेवायचं असतं. ‘कॉमेंट’ म्हणतात. उद्या दुसरा कुणी तिथं हात घालेल, त्यानं सांभाळून घालावा म्हणून. तडतडीनं त्या जागी लिहून ठेवलं : ‘सावधान. बॅटरी काढून घातली की डबी दिलेली गोळी विसरते आणि पुन्हा देते. साहेबांना सांगून झालंय. त्यांच्याही डोक्याची बॅटरी कुणीतरी काढून घातलेली दिसते.’

लिहिलं आणि जरा बरं वाटलं तिला. पण मग साहेबांनी एक नवं साधन विकत घेतलं. ते सगळा प्रोग्रॅम वाचणार, कॉमेंटसकट, आणि ग्राहकांसाठी माहितीची पानं आपणहून लिहून फोनवर पाठवणार. प्रोग्रॅम बदलला की पानंही बदलणार. त्यानं लिहिलेलं कुणी तपासायचं, हे मात्र ठरलं नाही. साहेब म्हणाले असतील, बघूया.

माहितीची पानं जगात कुणी वाचत नाही. माझी ताई वाचते, चष्मा पुसून, पहिल्या शब्दापासून. तिनं लेकीला ऑफिसात फोन लावला.

“काय गं, तुमच्या साहेबांना काही आजार आहे का?”

“का?”

“इथं लिहिलंय. ऐक. ‘प्रिय ग्राहक, बॅटरी बदलल्यास डबी गोळी पुन्हा देऊ शकते, कृपया काळजी घ्यावी. तसेच आमच्या साहेबांच्या डोक्याची बॅटरीही काढून घातलेली असल्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’”

“आई, फोन ठेव.”

“अगं, पण कशी आहे आता तब्येत त्यांची?”

पुढचं मला मौनीबाबानं सांगितलं. हा तिच्या शेजारच्या टेबलाचा धनी. कानावर कायम हेडफोन, तोंडातून शब्द नाही. हेडफोनमध्ये काहीच चालू नसतं, हेही त्यानंच सांगितलं.

साहेब आले ते हातात फोन धरूनच. “हे काय आहे? माझ्या डोक्याबद्दल लिहिलंय!”

“डबीबद्दलही लिहिलंय. ते वाचलंत का?”

“सकाळपासून लोकांचे फोन येतायत!”

“कशाबद्दल? डोक्याबद्दल की डबीबद्दल?”

लोक डबीबद्दल विचारत होते. साहेबांच्या डोक्याची चौकशी आमच्या ताईशिवाय कुणीही केली नव्हती.

“सगळं पुसून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“डोक्याचं पुसते. ते चुकलंच माझं, माफी मागते. डबीचं नाही पुसणार. आधी दुरुस्ती जाऊ दे.”

“दुरुस्तीचं बघूया.”

झालं! तडतडीनं पाण्याची बाटली टेबलावर अशी आपटली, की मौनीबाबानं दचकून हेडफोन काढले.

“काय बघूया? माझी आई बेसिन धरून बसली होती, साहेब! तिच्याजवळ मी होते. ज्यांच्याजवळ कुणी नाही त्यांनी काय धरायचं? तुमची रंगीत डबी? निदान ते दोन शब्द वाचून चार माणसं सावध होतायत, तर तेही पुसू? माझ्या हातांनी?”

“मग मी पुसतो,” साहेब म्हणाले आणि खोलीत जाऊन खरंच पुसायला बसले.

पण या कामात एक रीत असते. प्रोग्रॅममध्ये कुणीही, अगदी साहेबानंही, काही बदललं, तर दुसऱ्या कुणीतरी बघून ‘मान्य’ म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाही. ही रीत साहेबांनीच घातलेली, पोरं चुका करतात म्हणून. साहेबांनी ओळी पुसल्या आणि त्यांचं पुसणं सगळ्यांच्या पडद्यावर मान्यतेसाठी येऊन उभं राहिलं.

कुणी बटण दाबेना. एक जण खुर्ची वर-खाली करत बसला. एक बाई पाणी प्यायला गेली, ती विहीर खणूनच पीत असावी. साहेब दारातून ओरडले, “अरे, एक बटण दाबायला किती जण लागतात?” तेव्हा पडद्यावर खाली एक ओळ उमटली : ‘दुरुस्ती कुठे आहे?’ लिहिणारा मौनीबाबा.

आणि मग गारा सुरू झाल्या. तडतडीनं ती जुनी दुरुस्ती काढली, सावधानतेच्या ओळी पुसल्या, साहेबांच्या डोक्याची ओळही पुसली, आणि हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून साहेबांच्या मान्यतेला पाठवलं. घ्यायचं तर अख्खं गाठोडं घ्या. सुटं मिळणार नाही.

साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर बघितलं म्हणायचं. टेबलावरचा फोन वाजत होता. शेवटी दाबलं त्यांनी बटण.

तपासणीवाल्यांनी बॅटऱ्या काढून-घालून बोटं सुजवून घेतली, तोवर सावधानतेचं पान लोकांच्या फोनवर तसंच राहिलं. रंगीत डब्या लांबल्या. मग दुरुस्ती घरोघरच्या डब्यांत गेली. साहेबांनी वरच्यांपुढे भाषण केलं, ‘आम्ही ग्राहकांचं ऐकतो.’ आणि तडतडीला डबीच्या कामावरून काढलं. कुठं टाकलं असेल? प्रिंटरच्या कामावर! माणूस ‘बघूया’ म्हणत असला तरी सूड मात्र वेळेवर घेतो.

परवा मी ताईकडे होतो. गोळी घेऊन झाल्यावर तिनं बॅटरी काढली, घातली आणि डबीसमोर हाताची घडी घालून बसली. मीही बसलो. डबी गप्प. आम्ही दोघं म्हातारी त्या गप्प डबीकडे टक लावून, बाहेरून कुणी बघितलं असतं तर डॉक्टरच बोलावला असता.

ताईनं लेकीला फोन लावला. “नाही वाजली गं.”

“मग वाजायलाच नको होती ती, आई!” तडतडी पलीकडून कडाडली. “एवढी साधी गोष्ट होती, एवढीशी! त्यासाठी त्या माणसानं...”

पुढचं ऐकू आलं नाही. तिच्या मागे प्रिंटरनं खरखर सुरू केली होती, आणि तिनं त्याला नावानं हाक मारली.