मापाच्या वहीतलं पान

चंदा कोर्टात गेली ती साठ हजारांसाठी, असं सगळं केशोरी गाव म्हणतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, आणि तिचा अर्ज तर मीच टाइप केला होता. अर्जुनीच्या कोर्टासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. लोकांची भांडणं मी पानाला वीस रुपयांप्रमाणे लिहून देते आणि दुपारी डबा उघडेपर्यंत विसरूनही जाते. चंदाचं भांडण तेवढं विसरता आलं नाही.

चंदा केशोरीची टेलर. वडील उदाराम गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आई शामकला दम्यानं बेजार. सहा महिन्यांचा शिवणाचा कोर्स, एक जुनं मशीन आणि घराच्या छपरीत दुकान, एवढ्यावर तिनं पंधरा वर्षं घर चालवलं. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे ब्लाऊज तिनं शिवले; स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. आईला टाकून जाणार कुठे, हे एक कारण. दुसरं कारण धर्मेंद्र.

हा शेजारच्या गावचा मंडप-डेकोरेशनवाला. शर्ट शिवायला आला आणि येतच राहिला. माणसाला वर्षाला शर्ट लागतात किती? याला महिन्याला एक लागू लागला. असं चार वर्षं चाललं. तो शामकलाबाईंची औषधं आणायचा, हक्कानं चहा मागायचा, आणि साखरपुड्याचा विषय निघाला की "यंदा साक्षगंध करून टाकू" म्हणायचा. दर वर्षी यंदाच.

मग त्याला डीजेचा सेट घ्यायचा झाला. चंदानं पिको-फॉलच्या मशीनसाठी आणि छपरीवर नवे पत्रे टाकण्यासाठी साठ हजार जमवले होते. ते तिनं बँकेतून काढून रोख त्याच्या हातात ठेवले. अगदीच भोळी नव्हती बरं का. लिहून दे म्हणाली, आणि हाताशी होती ती मापाची वही पुढे केली. तिच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. धर्मेंद्रच्या पानावर छाती अडतीस, खांदा अठरा, डावा खांदा अर्धा इंच खाली, असं तिच्या अक्षरात होतं. त्याखाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, "चंदाकडून साठ हजार घेतले, मंडई झाली की परत," आणि सही ठोकली.

तारीख नाही, साल नाही. आमच्याकडे लिहितं कोण? दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, जत्रा होते, नाटक होतं, लेकी माहेरी येतात. उधारी मंडई झाली की, लग्नाची बोलणी मंडई झाली की. कुठली मंडई, हे कोणी कोणाला विचारत नाही.

मंडई झाली. धर्मेंद्र फोन उचलेना. मग फाल्गुनात एक बाई घाईचा ब्लाऊज घेऊन आली.

"लगन कोनाचं होय, काकू?" चंदानं विचारलं.

"धर्मेंद्रचं नं. तिरोड्याकडची पोरगी हाय, रुची नावाची. तुले मालूम नाई?"

चंदानं तो ब्लाऊज वेळेवर शिवून दिला. वरातीत वाजला तो तिच्याच पैशांचा डीजे, आणि पेट्यांवरच्या लाल मखमलीच्या खोळीही तिनंच शिवलेल्या, त्याही फुकट. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी असते तर वरातीत जाऊन खोळी ओढून काढल्या असत्या. चंदा नुसती पैसे मागायला गेली. तो म्हणाला, "कोनते पैसे?"

दुसरी मंडईही गेली तेव्हा ती माझ्या दुकानात आली. बाईमाणसाला विधी सेवेतून वकील फुकट मिळतो, हे मीच तिला सांगितलं. अर्ज केला, त्याला नोटीस गेली आणि लोकअदालतीची तारीख मिळाली.

त्या दिवशी झेरॉक्स द्यायला गेलेली मी दारातच थांबले. धर्मेंद्र सासऱ्यांना घेऊन आला होता. पॅनलवरच्या साहेबांनी त्याला विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"ओळखतो, साहेब. टेलर होय. कपडे शिवून घेत होतो तिच्याकडं. बाकी माहा काही संबंध नाई."

चंदा त्याच्याकडे बघतच राहिली. पैसे बुडवले तेव्हाही तिचा चेहरा असा उतरला नव्हता.

वकीलबाईंना मात्र हेच हवं होतं. "टेलर होय म्हणता नं? मग ही टेलरची वही," म्हणून त्यांनी पान उघडून दिलं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. डावा खांदा अर्धा इंच खाली म्हणताच सगळे धर्मेंद्रच्या खांद्याकडे बघायला लागले. त्यानं तो चटकन वर ओढला.

"अक्षर माहाच हाय," तो शेवटी म्हणाला, "पन मंडई कोनती, साहेब? साल लिवलं हाय का? पुढची बी मंडईच होय."

वकीलबाई चंदाच्या कानाशी लागल्या. तारीख नाही, साक्षीदार नाही. खटला केला तर वर्षं जातील, समजुतीनं मिटव. तोवर धर्मेंद्रनं अट घातली. सगळे पैसे आजच देतो, पण तडजोडीत लिहून पाहिजे की आमचा संबंध टेलर आणि गिऱ्हाईक एवढाच होता, दुसरा कधीच नव्हता. सासऱ्यांच्या कानावर काहीबाही आलं होतं, त्यांना कागद दाखवायचा होता.

ते वाक्य माझ्याच हातानं टाइप झालं. छापलेला कागद घेऊन चंदा माझ्या बाकावर बसून राहिली.

"मंजूताई, पैशासाठीच आली असती तं दोन सालं थांबली असती का मी? मले वाटे, कोर्टात तरी तो म्हनंल, होय, हिनं मले देले, मी तिचा होतो म्हनून देले. आता चार सालं झालीच नाई, हे मीच लिवून देऊ?"

तिच्या घरी आईचा दमा वाढला होता आणि छपरी दोन पावसाळे गळत होती. तिनं सही केली. पैसे पुढे आले, ते तिनं मोजलेसुद्धा नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी नोटा मीच मोजल्या.

दोन महिन्यांनी मी ब्लाऊज घ्यायला केशोरीला गेले. छपरीवर नवे पत्रे होते, पिकोचं मशीन चालू होतं. तेवढ्यात एक तरणी बाई ब्लाऊजपीस घेऊन आत आली. "मी रुची," म्हणाली, "धर्मेंद्रची घरवाली." चंदानं मशीन थांबवलं.

"ताई, कोर्टाचा कागद माह्या बाबूजींनं मले दाखवला. गिऱ्हाईकच होते, असं लिवलं हाय. पन ह्यायचे जुने शर्ट मी धुतो. सगळ्यायचा डावा खांदा बरोबर बसते. आता दुसरीकडं शिवले, तं एकही बसून नाई राहिला. गिऱ्हाइकाचं एवढं कोन करते? खरं काय ते सांगा नं मले."

सांग, मी मनात म्हणत होते, सांगून टाक एकदाचं.

"खरं मी कोर्टात साठ हजाराले इकलं, बाई," चंदा म्हणाली. "आता ते माह्याकडं नाई."

रुचीचे डोळे भरून आले. तिला उत्तर मिळालं होतं. ती जाईल असं मला वाटलं, पण ती उभीच राहिली. चंदानं गळ्यातली टेप काढली, तिला हात सैल सोडायला सांगितले आणि खांद्यापासून मापं घेतली. मग वहीचं कोरं पान उघडलं, वर रुचीचं नाव लिहिलं आणि शेजारी तारीख घातली, सालासकट.