मादी मुशी आणि आमच्या बाई

'गर्भाशय' हा शब्द एसटीच्या मागच्या सीटवरून ड्रायव्हरला ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात उच्चारणाऱ्या बाई अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होत्या, आणि त्या नेमक्या आमच्या नशिबी आल्या. नव्वदच्या दशकात इंदापूरच्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या अंबाड्यात आकड्यांऐवजी डिसेक्शनच्या टाचण्या खोचलेल्या असत आणि पदराला कायम फॉर्मालिनचा वास. मादी मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्क माशाच्या, जननसंस्थेचा तक्ता भिंतीवरून काढा, असं संस्थेतल्या एका वजनदार तात्यांनी बजावलं, तर बाईंनी तो काढला आणि थेट प्राचार्यांच्या दारासमोर टांगला. वर म्हणाल्या, "तात्या, मादी नसती तर तक्त्याला नावं ठेवायला तुम्ही कुठून आला असता?"

पोरापोरींनी एकत्र बसून मादीचं पोट फाडायचं असतं, ही बातमी आमच्या शेळगावात पोचली आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, निकाल देऊन टाकला. "बास झालं शिकनं. आता घरीच ऱ्हायाचं." मी रडून डोळे सुजवले. दोन दिवसांनी बाई दुधाच्या किटलीत मुशी घालून दारात हजर! चहापाणी नाही, नमस्कार नाही. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि कात्री चालवायला लागल्या. "ही अंडाशयं. या दोन अंडनलिका, पुढं दोघींचं तोंड एकच. आणि हे गर्भाशय." त्यातून नाळेसकट इवलीशी पिल्लं निघाली. तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेले आबा न राहवून उकिडवे बसले.

"मासळी अंडी घालती न्हवं?"

"ही नाही घालत. पोटात वाढवते."

"नाळबी हाय की! आमच्या मेंढीवानीच."

"दारातली मेंढी अडली की हात कोण घालतं, आबा?"

"हीच. हिचा हात बारीक हाय."

"मग माझ्या वर्गात तो हात बाटतो का?"

आबांनी एक पिल्लू बोटानं हलकेच सरळ केलं. मग आत वळून आईला म्हणाले, "बाईस्नी च्या टाक. पोरगी उद्या कालिजात जाईल."

बाईंना सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. वाटेत विचारलं, "तुम्हाला नाही कुणी अडवलं?"

"अडवलं ना. कॉलेजात मादी उघडायची त्या दिवशी मुलींनी बाहेर बसा, म्हणाले आमचे सर. बसले मी. मादी मुशी पहिल्यांदा उघडली ती नोकरी लागल्यावर. एकटीनं, दार लावून."

एवढंच त्या हळू बोलल्या. त्या दाराचा मला अजून राग येतो.