कुलपातले फोटो

विंझरपासून वरच्या धनगरवाड्यांपर्यंत ज्या घराच्या भिंतीवर जुना फोटो आहे, तो बहुतेक माझ्या हनुमंतमामांनी काढलेला. मोबाईल येण्याआधी मामा खांद्याला डिजिटल कॅमेरा अडकवून डोंगर चढायचे. लग्न, जावळ, भैरवनाथाची जत्रा. कुणी म्हातारं खाटेला खिळलं की घरचे निरोप धाडायचे, "तेवढं एकदा येऊन काढून जावा." प्रत्येक वाडीचा वेगळा फोल्डर मामांनी घरच्या कंप्युटरवर ठेवला होता. घरं गळतात, फोटो भिजतात. मग लोक मामांकडे येत आणि नवी प्रत घेऊन जात. अलीकडे मात्र कुणी येत नव्हतं. फोटो आता ज्याच्या त्याच्या खिशातच असतात.

गेल्या महिन्यात वरच्या वाडीचा भिमा आपल्या मुलीला, मोहिनीला घेऊन आला. मोहिनीचं लग्न ठरलं होतं. तिची आई चंद्राबाई गेली तेव्हा ती रांगत होती. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता, आणि घरात फोटो उरला नव्हता. मांडवाच्या फ्लेक्सवर आईचा फोटो हवा, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता.

"हाय की!" असं म्हणून मामांनी वाडीचा फोल्डर उघडायला घेतला, तर परवानगी नाही असा निरोप आला. दुसरा उघडला, तिथंही तेच. मामांनी त्यांना रविवारी बोलावलं आणि मला कामथडीला माझ्या घरी फोन केला.

मी पोचले तेव्हा दोघं आधीच येऊन बसले होते.

"आली बघा आमची इंजिनेरबाई," मामा म्हणाले. "प्रेरणे, माझ्याच घरात मला बंदी? असं फक्त तुझी मामी करती."

मोहिनी हसली. मीही हसले, कारण दुखणं ओळखीचं होतं. वर्षभरापूर्वी दुकानातून कंप्युटरवर नवीन विंडोज टाकून आणलं होतं. नव्या विंडोजच्या लेखी फोल्डरचा मालक कुणी जुनाच हनुमंत होता. मी मालकी मामांच्या नावावर केली, आतल्या सगळ्या फायलींना तीच परवानगी लागू केली. फोल्डर उघडला. नावांची रांग लागली. त्यात होतं, 'चंद्राबाई भिमा, जत्रा'.

"हीच!" मोहिनी उठून माझ्या खुर्चीमागं आली. "ताई, मोठा करा ना."

फोटो उघडेना. मग मला प्रत्येक फाईलच्या चित्रावर बारीकसं कुलूप दिसलं.

"मामा, यांना कुलूप लावलं होतं का कधी?"

मामा म्हणाले, "व्हय. लावलं होतं."

एका मुलीचा फोटो स्थळासाठी काढला होता. मामांकडे आलेल्या पाहुण्यातल्या कुणी तो कंप्युटरवरून गुपचूप पेनड्राईव्हवर नेला. मोबाईलमधनं गावभर झाला आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा बाप येऊन मामांच्या पायरीवर बसला. चहा घेतला नाही, उठून गेला. त्यानंतर मामांनी कंप्युटर क्लासवाल्याला विचारून सगळ्याच फोल्डरांना कुलूप घातलं. परत कुणाच्या लेकीबाळीचा फोटो बाहेर जायला नको.

"किल्ली कुठं ठेवली?"

"किल्ली कसली? त्यानं टिक करायला सांगितलं, म्या केलं."

किल्ली विंडोजनंच बनवून स्वतःजवळ ठेवली होती, आणि जुन्या विंडोजबरोबर ती पुसली गेली. दुकानदाराला मामांनी बजावलं होतं, फोटोंना हात लावायचा नाही. त्यानं लावला नव्हता.

जुन्या सीडी, पेनड्राईव्ह, सगळं मी धुंडाळलं, कुठंच दुसरी प्रत नव्हती. दुपार उलटली.

"पुण्यात तुझ्या हापिसात जमंल कुणाला?"

"कुणालाच जमणार नाही, मामा. फोटो आहेत, पण उघडणार नाहीत."

मामा भिमाकडे वळले. "घरातला खराब झालेला फोटो असंल ना? तुकडा असला तरी आण. त्यावरनं करू कायतरी."

"पावसात काचंला चिकटला व्हता," भिमा म्हणाला. "नाक-डोळं दिसत व्हतं अजून. दिला टाकून. म्हटलं, हनुमंतरावाकडं हाय."

मग मोहिनीनं विचारलं, "कशी दिसायची ती?"

"तुझ्यागतच," भिमा म्हणाला.

"समदी तेच सांगत्यात, आबा." ती मामांकडे वळली. "मामा, तुमी सांगा. तुमी तर फोटो काढला व्हता."

मामांनी डोळे मिटले.

"हिरवं लुगडं व्हतं," ते म्हणाले. "मांडीवर तू व्हतीस, रडत व्हतीस. म्या तुलाच गप करत व्हतो. तिच्याकडं... न्हाई आठवत, पोरी."

यष्टीची वेळ झाली तसा भिमा उठला. मोहिनीनं पिशवीतून पत्रिका काढली, कुंकू लावून मामांच्या हातात दिली.

"लग्नाला या मामा. कॅमेरा नका आणू. नुसतं जेवायला या."

मी गेले होते. फ्लेक्सवर आईचं नुसतं नाव होतं. मामा आले नाहीत.